करणारीला कोण विचारतं?

चैत्र पौर्णिमा जवळ आली की मला विवळवेढे आठवतं. मुंबई-अहमदाबाद हायवेने गुजरातकडे जाताना चारोटी नाका मागे टाकला की थोड्याच वेळात महालक्ष्मीचा डोंगर दिसायला लागतो आणि पायथ्याशी देऊळ. आमच्या लहानपणी हा सगळा ठाणे जिल्हा होता, पालघर वेगळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ ला. हनुमान जयंतीला जत्रा सुरू झाली की पंधरा दिवस नुसती गर्दी. पाड्यापाड्यांवरून माणसं यायची, पावसाळ्याची बेगमी करायची, मिरच्या-मसाले आणि सुकी मासळी पिशव्यांत भरून न्यायची.

देवीची गोष्ट आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असते. मूळ ठाणं वर डोंगरावर. एक बाई नेमाने डोंगर चढून दर्शनाला जायची. पुढे ती गरोदर राहिली. तशातही चढायला निघाली आणि वाटेत भोवळ येऊन पडली. तेव्हा देवी तिला म्हणाली, आता तू वर येऊ नकोस, मीच खाली येते. म्हणून देवी विवळवेढ्याला पायथ्याशी आली. गोष्टीचे तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात, पण एवढा गाभा सगळीकडे सारखाच.

आमचं घर देवळापासून चालत पाऊण तासावर. तरी माझी काकू लागोपाठ नऊ वर्षं जत्रेला गेली नाही. १९८८ च्या पावसाळ्यात आजीला अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, नंतर हळूहळू स्मरणही गेलं. १९९७ मध्ये आजी गेली. मधली नऊ वर्षं कूस बदलणं, भरवणं, पुसणं, चादरी धुणं, रात्री दोनदा-तीनदा उठणं, हे सगळं काकूने केलं. आम्ही सुट्टीत जायचो, आजीच्या पाया पडायचो, काकूच्या हातचं जेवायचो आणि जत्रा करून परत यायचो. तेराव्याला सगळे म्हणाले, "सुनेने फार केलं हो." मीही म्हणालो असणार.

हे सगळं आता उकरून काढायचं कारण म्हणजे काकू घरात पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, घरी आणली. आता वहिनी तिचं करते. मी रोज फोन करत होतो. काकू जेवली का, झोपली का, वॉकर धरते का... वहिनी सगळं सांगायची. बाराव्या-तेराव्या दिवशी फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की इतक्या फोनांत मी एकदाही "वहिनी, तुम्ही कशा आहात?" असं विचारलेलं नाही.

मग वाचायला बसलो. जे करतात त्यांना कुणी, कधी आणि कसं विचारलं, याचा काही इतिहास आहे का? आहे. आणि त्यातला एक तुकडा तर आमच्याच तालुक्यात निघाला.

आधी भाषेबद्दल थोडंसं. मराठीत "तिने सासूचं केलं" एवढंच म्हणतात. काय केलं, ते सांगायची गरज नसते. क्रियापद आहे, पण करणाऱ्या माणसाला नाव नाही. "काळजीवाहक" हा शब्द कागदोपत्री आहे, घरात कुणी वापरत नाही. पुण्यातल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनच्या आणि पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या लोकांत मात्र दोन सुंदर शब्द रुळले आहेत. आजारी माणूस तो शुभार्थी आणि त्याचं करणारा तो शुभंकर. नाव मिळालं की माणूस दिसायला लागतो. या असोसिएशनमागे डॉ. जगन्नाथ वाणी होते. कॅनडात कॅलगरीला ते प्राध्यापक होते आणि स्वतःच्या घरातच हा आजार त्यांनी वर्षानुवर्षं पाहिला होता. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकरांचा २००४ चा 'देवराई' तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्याच्या मागेही वाणीच होते. तो सिनेमा जितका आजारी भावाचा आहे, तितकाच त्याला आपल्या घरी आणणाऱ्या बहिणीचा आहे.

आता आमचा तालुका. १९४५ मध्ये ताराबाई मोडक बोर्डीला आल्या आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी काढली, पण वाड्या-पाड्यांवरची मुलं येईनात. तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. आज देशभर जो शब्द सरकारी झाला आहे, तो 'अंगणवाडी' शब्द या कामातून आला. सरकारची योजना आली ती फार नंतर, २ ऑक्टोबर १९७५ ला.

पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे वारली मुलांच्या गैरहजेरीचं कारण शोधता शोधता बाई घरापर्यंत पोचल्या. मोठी मुलं गुरं राखत होती. मोठ्या मुली घरी थांबत होत्या, कारण आईबाप मजुरीला गेले की धाकट्या भावंडाला सांभाळायला दुसरं कुणी नव्हतं. म्हणजे आठ-नऊ वर्षांची मुलगी ही त्या घरातली 'करणारी'. तिला शाळा नको होती असं नाही, तिची ड्यूटी होती!

यावर त्यांनी काढलेला उपाय मला आजही थक्क करतो. मुलीला दटावलं नाही आणि आईबापांना शिक्षणाचं महत्त्व पटवत बसल्या नाहीत. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. नाव दिलं विकासवाडी. मुलीने कडेवरचं भावंड घेऊनच यायचं. ते पाळण्यात, मधलं बालवाडीत आणि ती स्वतः वर्गात. जी मुलं गुरांमागे होती त्यांच्यासाठी शिक्षकच कुरणात गेले, ती कुरणशाळा. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली ती बालशिक्षणासाठी. पण घरात सांभाळणाऱ्याचा भार आधी ओळखायचा आणि मग तो हलका करायचा, हे कामही तिथे झालं होतं. त्याला कुणी तसं नाव दिलं नाही, इतकंच.

आता जरा सातासमुद्रापलीकडे. जवळपास याच काळात इंग्लंडमध्ये मनोरुग्णांना मोठ्या इस्पितळात ठेवण्याऐवजी घरीच ठेवून उपचार करायची चळवळ सुरू होती. चिचेस्टर गावात तशी सेवा होती आणि सॉल्सबरीत जुनी, इस्पितळावर उभी असलेली पद्धत. जॅकलिन ग्रॅड आणि पीटर सेन्सबरी यांनी दोन्हीकडच्या घरच्यांना विचारलं, की या माणसाच्या आजाराने तुमचं काय झालं? झोप, कमाई, मुलांची शाळा, शेजाऱ्यांशी संबंध... १९६३ मध्ये हे काम छापून आलं. पुढच्या निकालात असं दिसलं की घरी ठेवण्याच्या पद्धतीत घरच्यांचा भार उलट कमी हलका झाला होता. रुग्ण घरी राहिला हे खरं, पण घराला आधार कुणी दिला? "घरच्या माणसांत असू द्या, बरं वाटेल" असं आपणही किती सहज म्हणतो.

१९६६ मध्ये होनिग आणि हॅमिल्टन या दोघांनी आणखी एक फोड केली. भार दोन प्रकारचा असतो. एक बाहेरून दिसणारा, म्हणजे किती पैसे गेले, किती रात्री जागल्या. दुसरा आतून वाटणारा. आणि दोन्ही एकमेकांशी जुळतीलच असं नाही. पहिला ढीगभर असूनही "नाही हो, आम्हाला कसला त्रास" म्हणणारी घरं त्यांना भेटली. हे वाचल्यावर मला काकूच आठवली.

मग येतं १९८०. अमेरिकेत स्टीव्हन झॅरिट आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या म्हाताऱ्या माणसांचं करणाऱ्या २९ जणांना २९ प्रश्न विचारले. पुढे हे प्रश्न २२ झाले, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, म्हणजे जास्तीत जास्त ८८. आज जगभर करणाऱ्याचा भार मोजायला हीच यादी सर्वांत जास्त वापरतात. पण मला यादीपेक्षा तिचा पहिला निकाल महत्त्वाचा वाटतो. सगळ्यांची अपेक्षा काय असेल? विसरणं जितकं जास्त, वागणं जितकं विचित्र, आजार जितका जुना, तितका भार जास्त. तसं निघालं नाही! ज्या एका गोष्टीशी भाराचा ठळक संबंध लागला, ती म्हणजे बाकीचे नातेवाईक किती वेळा घरी येतात. येणंजाणं जास्त तिथे भार कमी.

२९ माणसं म्हणजे काही फार मोठा नमुना नव्हे, हे मान्य. तरी हे वाक्य मी दोनदा वाचलं. आम्ही नऊ वर्षांत किती वेळा गेलो असू? मे महिन्यात एकदा आणि दिवाळीत एकदा, तेही पाहुणे म्हणून.

भारताने याबाबतीत फार उशीर केला असंही नाही. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकून नातेवाइकांना रुग्णांसोबत राहायला बोलावलं. १९५४ मध्ये गाडगेबाबांनी मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ धर्मशाळा बांधली, ती रुग्णांच्या नातेवाइकांसाठी. फुटपाथवर झोपून आतल्या माणसाची वाट बघणाऱ्यांकडे बाबांचं लक्ष गेलं. परळची नाना पालकर स्मृती समिती १९६८ पासून हेच काम करते आहे. टाटा रुग्णालयात माणूस दाखल असताना बाहेर पाठ टेकायला जागा आणि दोन घास मिळणं म्हणजे काय, हे ज्याने भोगलंय त्यालाच कळेल.

आणि १९८१ मध्ये बंगलोरला शैला पै आणि रवी कपूर यांनी आपल्याकडच्या घरांसाठी मोजपट्टी तयार केली. २४ बाबी, सहा भागांत. पैसा, घरातले रोजचे व्यवहार, विरंगुळा, आपापसातले संबंध, इतरांची तब्येत आणि इतरांचं मन. प्रत्येक बाबीला शून्य, एक किंवा दोन. मला यात एक शहाणपण दिसतं. सगळी मदार घरच्यांच्या "हो-नाही"वर नव्हती. मुलाखत घेणाऱ्याने बसायचं, घरात काय काय घडलं ते विचारायचं आणि भार किती ते आपण ठरवायचं. शेवटी तेवढा एक प्रश्न करणाऱ्याला, की तुम्हाला स्वतःला किती त्रास वाटला? आपल्याकडची बाई "मला भार होतोय" असं म्हणणार नाही, पण "दोन वर्षांत माहेरी गेले नाही" हे सांगेल. मोजायचं असेल तर प्रश्न असा विचारावा लागतो.

त्यांनी पुढे आणखी एक केलं. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचे दोन गट घेतले. एक इस्पितळात उपचार घेणारा, दुसरा घरीच, पण तिथे प्रशिक्षित नर्स नियमित जाणार. घरी नर्स जात होती त्या गटात रुग्णही बरे राहिले आणि घरच्यांचा भारही जास्त उतरला. इंग्लंडमधल्या निकालाशी हे ताडून पाहा. घर तेच. फरक इतकाच की इथे दारात कुणीतरी येत होतं.

याहून जवळचं उदाहरण गोव्याचं. डॉ. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाचे रुग्ण असलेली ८१ कुटुंबं घेतली, २००८ मध्ये निकाल छापून आले. निम्म्या घरी सहा महिने, निदान पंधरा दिवसांतून एकदा, एक सल्लागार जायची. सल्लागार म्हणजे कुणी मोठी डॉक्टर नव्हे. बारावीपर्यंत शिकलेली, कोंकणी बोलणारी, थोडं प्रशिक्षण घेतलेली बाई, गरज पडली तर मागे मानसोपचारतज्ज्ञ. ती काय करायची? आजार समजावून सांगायची, आंघोळ-जेवणाच्या युक्त्या सांगायची, बाकीच्या नातेवाइकांना कामात ओढायची आणि ऐकून घ्यायची. सहा महिन्यांनी करणाऱ्यांचं मानसिक आरोग्य स्पष्टपणे सुधारलं होतं, रुग्णाच्या वागण्याचा होणारा मनस्तापही कमी झाला होता. गंमत म्हणजे झॅरिटच्या भार-गुणांत मात्र तेवढा ठोस फरक दिसला नाही. संशोधक त्याची कारणं आपल्या परीने देतील. मला आपलं वाटतं, "तुम्हाला यांचं ओझं वाटतं का?" या प्रश्नाला आपल्याकडची सून पहिल्या दिवशीही नाहीच म्हणते आणि शेवटच्या दिवशीही नाहीच म्हणते. नाहीतून काय वजा होणार?

हे सगळं भावनेचं प्रकरण आहे असं कुणाला वाटत असेल तर एक आकडा देतो. शुल्झ आणि बीच यांनी अमेरिकेत ६६ ते ९६ वयाची जोडपी चार वर्षं पाहिली आणि १९९९ मध्ये मांडलं, की जोडीदाराचं करताना ज्यांना ताण जाणवत होता, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण इतरांहून ६३ टक्के जास्त होतं. ज्यांना ताण जाणवत नव्हता त्यांच्यात अशी वाढ दिसली नाही. म्हणजे धोका आहे तो एकट्याने, दमून, न बोलता करण्यात.

सरकारदरबारी या कामाचं काय? इंग्लंडने १९७६ मध्ये करणाऱ्यांसाठी भत्ता सुरू केला, पण लग्न झालेल्या बायकांना तो नाही. का, तर त्या तशाही घरीच असतात! जॅकी ड्रेक नावाच्या बाई युरोपच्या न्यायालयापर्यंत लढल्या, तेव्हा कुठे १९८६ मध्ये तो नियम गेला. केरळची 'आश्वासकिरणम्' योजना अंथरुणाला खिळलेल्यांचं करणाऱ्याला महिना ६०० रुपये देते. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. आणि वेळ? आपल्या देशात लोकांचा दिवस कशात जातो याची पहिली अखिल भारतीय पाहणी २०१९ मध्ये झाली. घरातल्या माणसांची काळजी घेण्यात दिवसाला काही वेळ देणाऱ्या बायका २७.६ टक्के, पुरुष १४ टक्के. बायकांची सरासरी १३४ मिनिटं, पुरुषांची ७६. यात मुलांना सांभाळणंही आलं. पण रात्री अर्धवट झोपेत, एक कान शेजारच्या खोलीकडे ठेवून काढलेली मिनिटं कुठल्या रकान्यात घालायची?

असो. बरंच वाचून झालं. मग मी वहिनींना फोन केला आणि काकूची चौकशी मुद्दाम शेवटी ठेवली. १९८३ मध्ये बेट्सी रॉबिन्सन यांनी १३ प्रश्नांची एक छोटी यादी केली होती, फक्त हो किंवा नाही. सात किंवा जास्त हो आले तर ताण मोठा समजायचा. ती यादी मी वाचून दाखवली नाही. आपल्या शब्दांत एकेक विचारत गेलो. झोप होते का? उचलताना कंबर धरते का? तुमची स्वतःची कुठली कामं राहिली? पैशाची ओढाताण आहे का? आधी त्या हसण्यावारी नेत होत्या. "काय भावोजी, आज इंटरव्ह्यू का?" मग जरा थांबून म्हणाल्या, "महिना झाला, केस नीट धुतले नाहीत. बाथरूममध्ये गेले की आई हाक मारतात." आणि लगेच, "पण तुम्ही आईंना सांगू नका हं, त्यांना वाईट वाटेल."

मी मोजत होतो. आठ झाले.

काकूशीही बोललो. तिला विचारलं, "काकू, आजीचं करताना तुला कधी नकोसं झालं होतं का गं?" ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "जत्रेच्या रात्री ढोल ऐकू यायचे. तेवढंच." आणि पुढे, "तिला म्हणावं, मी एक रात्र एकटी राहीन, तू जाऊन ये."

म्हणून हे लिहिलंय. नातेवाईक मंडळी वाचतात हे मला ठाऊक आहे, मुद्दाम तुमच्यासाठीच शेवटचा परिच्छेद. इंग्लंड, अमेरिका, बंगलोर, गोवा सगळं फिरून मला एवढंच कळलं, की करणाऱ्याचा भार आपण उचलून दुसरीकडे ठेवू शकत नाही, पण त्याच्या दारात जाऊ शकतो. देवी गेली, ताराबाई-अनुताई गेल्या, गोव्यातली ती बारावी शिकलेली बाई गेली. आपण तर घरचेच आहोत. काकूला पूर्ण चालता यायला अजून वेळ आहे. शनिवार-रविवार वाटून घेऊ. पाहुणे म्हणून यायचं नाही, स्वयंपाक आणि रात्रीचं उठणं आपल्याकडे. मी पहिले दोन आठवडे माझं नाव लिहिलं आहे, पुढचे रिकामे आहेत. चैत्र पौर्णिमेच्या रात्री मी काकूजवळ बसणार आहे आणि वहिनी जत्रेला जाणार आहेत.

बाकीच्या मित्रांसाठी एकच. तुमच्या घरात कुणी कुणाचं करत असेल, तर आज फोन कराल तेव्हा आजाऱ्याआधी तिला विचारा. आणि उत्तर "बरी आहे" असं आलं तर लगेच फोन ठेवू नका.